हनोई ते सायगॉन रेल्वेने, दोघेच आणि पाठीवरची पिशवी : दिवाळीत जावे की मे महिन्यात?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. सहल कंपनीच्या बसमध्ये न बसता, पाठीवर मावेल तेवढेच सामान घेऊन, हनोईहून सायगॉनपर्यंत रेल्वेने आणि मधल्या गावांत उतरत व्हिएतनाम पाहावा, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. भारतात आम्ही रेल्वेने पुष्कळ फिरलो आहोत. परंतु जिथली भाषा कानाला अजिबात ओळखीची नाही, अशा देशात तिकीट काढण्यापासून जेवणापर्यंत सर्व काही स्वतः पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग असेल. माझा कारखाना दिवाळीत बंद असतो आणि पत्नी शाळेत शिक्षिका असल्याने तिलाही तेव्हा सुटी असते, म्हणून लक्ष्मीपूजन आटोपून निघावे असा बेत आहे. सलग एकाच गाडीने जावे की टप्पे करावेत, बर्थ कोणता घ्यावा, आणि पत्नी शुद्ध शाकाहारी असल्याने गाडीत तिची सोय कशी होईल, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे. घरच्यांचे म्हणणे असे की, विमाने स्वस्त असताना रेल्वेचा हट्ट कशासाठी? त्यावरही आपले मत वाचायला आवडेल.

मीटरगेज

शिरोलीकर, हट्ट करावा असाच हा मार्ग आहे. हनोई ते सायगॉन हे अंतर १७२६ किलोमीटर असून संपूर्ण मार्ग मीटरगेज आहे. आपल्या मिरज–कोल्हापूर मार्गावर १८९१ साली संस्थानच्या काळात गाडी आली तीही मीटरगेजचीच होती, आणि त्या गाडीतून प्रवास केलेली माझ्या वयाची माणसे रुकडी-हातकणंगलेकडे अजून भेटतील. आपला मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला, त्यांचा मात्र तसाच राहिला. त्यामुळे वेगाची अपेक्षा ठेवू नका. जलद म्हणवणाऱ्या गाड्यांनाही हे अंतर कापायला साधारण बत्तीस ते पस्तीस तास लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच राहतो. डबे आपल्यापेक्षा अरुंद असतात आणि गाडी हलते. ज्यांना हलत्या गाडीत झोप लागत नाही त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

या मार्गाचा इतिहास माहीत असेल तर खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पुलाकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो. फ्रेंच गव्हर्नर जनरल पॉल दूमेर याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, या योजनेला चालना मिळाली आणि तुकड्यातुकड्यांनी बांधकाम होत १९३६ मध्ये दोन्ही टोके जोडली गेली. १९५४ मध्ये देशाची फाळणी होऊन सतराव्या अक्षांशावर सीमा आली आणि रेल्वेही तुटली. त्यानंतरच्या युद्धात अमेरिकी विमानांनी उत्तरेकडील पुलांवर बॉम्ब टाकले आणि दक्षिणेत गनिमांनी रूळ उखडले. युद्ध १९७५ मध्ये संपल्यावर १३३४ पूल, २७ बोगदे आणि १५८ स्थानके दुरुस्त करून ३१ डिसेंबर १९७६ रोजी हा मार्ग पुन्हा सुरू करण्यात आला. ‘पुनर्मीलन एक्सप्रेस’ हे नाव परदेशी प्रवाशांच्या तोंडी त्यामुळेच रुळले. प्रत्यक्षात त्या नावाची कोणतीही एक गाडी नाही. एसई १, एसई ३ असे विषम क्रमांक हनोईहून दक्षिणेला जातात आणि सम क्रमांक उत्तरेला. स्थानकावर चौकशी करताना एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ टळतो.

राजारामपुरी आठवी गल्ली

आम्ही दोघांनी हा प्रवास केलेला आहे, म्हणून सर्वांत आधी दिवाळीबद्दल लिहितो, कारण बाकीचे सर्व प्रश्न त्याच्यानंतरचे आहेत. शिरोलीकर, कृपया दिवाळीत या मार्गाने जाऊ नका.

आपल्याकडे पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि दिवाळीला आकाश स्वच्छ असते, हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले आहे की उष्ण कटिबंधात सर्वत्र असेच असेल असे आपण गृहीत धरतो. मध्य व्हिएतनाममध्ये नेमके उलट आहे. आपल्या सह्याद्रीवर नैर्ऋत्येचे वारे आदळतात आणि पश्चिम उतारावर पाऊस कोसळतो. तिकडे चुओंग सॉन डोंगररांग किनाऱ्याला समांतर धावते आणि उन्हाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे तिच्या पलीकडे, लाओसच्या बाजूला रिकामे होतात. किनाऱ्यावर तेव्हा कोरडी, भाजून काढणारी हवा असते. ऑक्टोबरपासून वारे फिरतात, समुद्रावरून ईशान्येकडून येतात आणि त्याच डोंगरांच्या पूर्व उतारावर, म्हणजे नेमक्या रेल्वेमार्गाच्या बाजूला, पाऊस टाकतात. त्यातच चक्रीवादळांचा हंगाम असतो. ह्वे, दा नांग आणि होई आन या तिन्ही गावांचा सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये याच पट्ट्यात महापूर आला होता. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुराच्या गावात पर्यटक म्हणून अडकणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी रूळ पाण्याखाली जातात, गाड्या रद्द होतात, आणि परतीचे विमान सायगॉनहून असेल तर सगळे वेळापत्रक कोसळते.

उत्तरेची हवा वेगळी आहे. हनोई आणि निन्ह बिन्ह या भागात दिवाळीच्या सुमारास उत्तम हवा असते. त्यामुळे सुटी दिवाळीतच मिळणार असेल, तर फक्त उत्तर पाहावी. हनोईहून रात्रीच्या गाडीने लाओ काय गाठून ‘सापा’ या डोंगरातल्या गावी जावे आणि दक्षिणेचा नाद सोडावा. संपूर्ण लांबीचा प्रवास करायचा असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा तिन्ही भागांत एकाच वेळी बरी हवा मिळते. फक्त त्यांचे नववर्ष, म्हणजे ‘तेत’, टाळावे. ते चांद्र पंचांगानुसार जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. तेव्हा सारा देश गावी निघतो आणि गाड्यांची तिकिटे कित्येक आठवडे आधी संपलेली असतात. वहिनींच्या शाळेमुळे मार्च शक्य नसेल तर मे महिना चालेल. उकाडा भरपूर असेल, परंतु मध्य किनारा कोरडा असेल.

वाटसरू

मतभेद नोंदवतो. हनोई ते दा नांग विमानाला दीड तासही लागत नाही आणि आगाऊ काढल्यास भाडे रेल्वेच्या वातानुकूलित बर्थच्या जवळपास येते. हातात पंधरवडा असताना त्यातला मोठा भाग अरुंद डब्यात घालवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. शिवाय होई आनला रेल्वे जात नाही. दा नांगला उतरून साधारण तीस किलोमीटर रस्त्यानेच जावे लागते. रेल्वेचीच हौस असेल तर एखादा टप्पा करावा आणि बाकी विमानाने जावे.

राजारामपुरी आठवी गल्ली

वाटसरू, ‘एखादा टप्पा’ याच्याशी मी अर्धा सहमत आहे, कारण सलग बत्तीस तास गाडीत बसून राहण्याचा सल्ला मीही देणार नाही. पण कोणता टप्पा, हे ठरवताना ह्वे ते दा नांग हे शंभरेक किलोमीटर कोणत्याही परिस्थितीत वगळू नयेत. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. गाडी लांग कोच्या खाजणाच्या काठाने जाते आणि मग हाय व्हान खिंडीच्या पोटातून, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाली फुटणाऱ्या लाटा, अशी बोगदे घेत वळणावळणाने सरकते. महामार्गावरच्या बस २००५ पासून डोंगराखालच्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात, त्यामुळे बसच्या प्रवाशांना यातले काहीही दिसत नाही. विमानातल्यांचा तर प्रश्नच नाही. या टप्प्याला अडीच-तीन तास लागतात आणि साधे गादीचे आसन पुरते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणून आसन निवडतानाच डावी खिडकी मागावी. २०२४ पासून ह्वे आणि दा नांग या दोन शहरांदरम्यान पर्यटकांसाठी वेगळी गाडीही सुरू झाली आहे, तिच्यामुळे दिवसाउजेडी जाण्याची सोय वाढली आहे.

आमच्या मते टप्पे असे असावेत. हनोईहून निन्ह बिन्ह हा सव्वादोन तासांचा प्रवास दिवसा करावा आणि चांग आन येथील चुनखडीच्या डोंगरांखालच्या जलमार्गात होडीने फिरावे. २०१४ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. तिथून रात्रीची गाडी धरून डोंग होई गाठावे, ज्याच्या जवळ फोंग न्हाच्या गुहा आहेत. ‘थिएन दुओंग’ नावाच्या गुहेत पहिला एक किलोमीटर लाकडी पायवाट असल्याने कोणत्याही वयाच्या माणसाला ती पाहता येते. डोंग होईहून ह्वेकडे येताना गाडी बेन हाय नदी ओलांडते. १९५४ नंतरची दोन व्हिएतनाममधली सीमा ती हीच. नकाशा उघडून बसला नाहीत तर ती नदी आली आणि गेली हे कळणारही नाही, इतकी ती साधी आहे. ह्वेला १८०२ ते १९४५ या काळातल्या न्विएन राजघराण्याची तटबंदीची राजधानी आहे, तिला किमान एक पूर्ण दिवस द्यावा. दा नांगनंतर न्या ट्रांगपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर आहेत आणि वेळ कमी असेल तर वाटसरूंचे विमान इथे वापरायला माझी हरकत नाही.

बर्थविषयी : ‘मऊ शयनयान’ म्हणजे चार बर्थची दार असलेली खोली आणि ‘कठीण शयनयान’ म्हणजे सहा बर्थची. सहाच्या खोलीतला सर्वांत वरचा बर्थ स्वस्त असतो खरा, पण त्यावर ताठ बसता येत नाही आणि वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येतो. दोघांनी चारच्या खोलीतले समोरासमोरचे दोन्ही खालचे बर्थ घ्यावेत, म्हणजे खिडकी आपल्याकडे राहते. वरचे दोघे अनोळखी असतील. त्यांची मुले आपल्या बर्थवर येऊन बसतील, फळे पुढे करतील. त्याला तयार असावे.

खासबागची लेक

वहिनींच्या जेवणाबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः अंडेही खात नाही. गाडीत ढकलगाडीवरून भात, डुकराचे मांस, कोंबडी, पेज आणि उकडलेली कणसे येतात. भाज्या दिसतात, परंतु त्या मासळीच्या आंबवलेल्या पाण्यात, म्हणजे ‘न्योक माम’मध्ये, शिजवलेल्या असण्याची शक्यता जवळपास निश्चित असते, वाढणाऱ्या बाईंनी मान हलवून ‘मांस नाही’ असे सांगितले तरी त्या खोटे बोलत नसतात, कारण मासळीचे पाणी ही त्यांच्या लेखी फोडणीच आहे. म्हणून गाडीतल्या जेवणावर विसंबू नये. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते, सर्व प्रवासी तिच्यावर शेवयांचे पेले भिजवतात. आपण घरून कोरडे पोह्यांचे आणि उपम्याचे मिश्रण न्यावे, झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा, आणि जयसिंगपूरचे भडंग न्यावे. भडंगाची पिशवी उघडली की वरच्या बर्थवरचे शेजारीही खाली उतरतात, हे मी पाहिले आहे. पहिला घास घेताना त्यांना पाण्याची बाटली आधी दाखवावी.

गावात मात्र शाकाहाराची सोय आपण समजतो त्यापेक्षा चांगली आहे. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, मांस वर्ज्य करतात. त्यामुळे जवळपास प्रत्येक शहरात पूर्ण शाकाहारी खाणावळी असतात आणि त्यांच्या पाटीवर ‘काम चाय’ किंवा नुसते ‘चाय’ असे रोमन लिपीत लिहिलेले असते. ह्वे हे तर पॅगोडांचे शहर असल्याने तिथे सर्वांत जास्त पर्याय मिळतात. आपल्या तिथीच्या हिशेबाने पौर्णिमेला ह्वेत पोहोचता आले तर वहिनींची चैन होईल. टोफू, कमळाच्या बिया, कच्च्या फणसाची भाजी, तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेले पालेभाज्यांचे रोल हे सर्व बिनधास्त खावे. कांदा-लसूण चालणारे लोक आपण आहोत, पण त्या खाणावळींत बहुधा तोही नसतो; म्हणून चटणीची पुडी जवळ असू द्यावी.

ताम्रपट

धाग्यात अजून कोणी चाम मंदिरांचा विषय काढला नाही, याचे आश्चर्य वाटले. अंबाबाईच्या गावातून निघालेल्या माणसाने या रेल्वेमार्गाने जावे आणि किनाऱ्यावरची शिवालये न पाहता परतावे, हे योग्य होणार नाही. आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सुमारे हजार वर्षांहून अधिक काळ चाम लोकांची चंपा नावाची राज्ये होती. त्यांच्या राजांची नावे भद्रवर्मन, इंद्रवर्मन, जय सिंहवर्मन अशी, आणि शिलालेख संस्कृत व चाम भाषेत आहेत. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर ‘मी सॉन’ येथे, डोंगरांनी वेढलेल्या दरीत, विटांच्या मंदिरांचा समूह आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मनाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढील राजे तिथे मंदिरे बांधत राहिले. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बवर्षावात त्यातली पुष्कळ पडली. बॉम्बचे खड्डे आजही मंदिरांच्या शेजारी दिसतात. उरलेल्यांपैकी काही गटांचे जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातले वालुकाश्मातील एक अखंड शिवलिंग मिळाले. दा नांगमध्ये १९१९ साली उघडलेले चाम शिल्पांचे संग्रहालय आहे. ते मी सॉनच्या आधी पाहावे, कारण मूळ जागेवरच्या बहुतेक चांगल्या मूर्ती तिथे आहेत.

न्या ट्रांगला पो नगरचे देवस्थान नदीच्या मुखाशी टेकडीवर आहे आणि ते रेल्वे स्थानकापासून दूर नाही. तिथली देवी चाम लोकांची भूमाता. संस्कृत लेखांत तिला भगवती म्हटले आहे आणि मुख्य शिखराच्या दारावर महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे. आज तिची पूजा मुख्यतः व्हिएतनामी लोक आपल्या पद्धतीने करतात. गाभाऱ्यात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

तिथून पुढे दक्षिणेला जाताना ‘थाप चाम’ नावाचे स्थानक लागते, आणि त्याच्याजवळच्या टेकडीवर पो क्लोंग गराय हे तेराव्या शतकाच्या अखेरचे शिवमंदिर उभे आहे. दारावर नृत्य करणारा अनेक हातांचा शिव आणि आत मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेले शिवलिंग. या भागात हिंदू चाम लोक आजही राहतात आणि ‘काते’ नावाचा उत्सव करतात. न्या ट्रांग ते सायगॉन रात्री झोपून काढण्याचा सल्ला सगळेच देतात. मी मात्र थाप चामला उतरण्याचा सल्ला देईन.

मीटरगेज

ताम्रपट यांनी थाप चामचे नाव घेतले म्हणून राहवत नाही. याच स्थानकापासून दा लातच्या थंड पठारावर चढणारा ८४ किलोमीटरचा फाटा फ्रेंचांनी १९३२ मध्ये पूर्ण केला होता, आणि त्याच्या चढावर दातेरी रूळ होते. युद्धात तो बंद पडला. त्यावरची स्वित्झर्लंडमध्ये बनलेली वाफेची इंजिने गंजत पडली होती, ती १९९० मध्ये स्विस रेल्वेप्रेमींनी परत विकत नेली आणि दुरुस्त करून आपल्या फुर्का खिंडीच्या मार्गावर पुन्हा चालवली. दा लातला आज जुन्या स्थानकापासून चाय मात गावापर्यंत सातेक किलोमीटरची पर्यटकांची गाडी तेवढी उरली आहे.

गंगावेस

व्हॉट्सॲपवर असे वाचले होते की व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून युद्ध जिंकले आणि तिथे त्यांचे स्मारकही आहे. ते नेमके कोणत्या शहरात आहे? शिरोलीकरांनी तिथे अवश्य जावे.

ताम्रपट

तो निरोप अनेक वर्षे फिरत आहे आणि त्याला कधीही कोणता पुरावा जोडलेला नसतो. ते स्मारक शोधण्यात शिरोलीकरांचा एक दिवसही जाऊ नये, एवढीच विनंती. महाराजांच्या युद्धनीतीला अशा आधाराची गरज नाही.

शिरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवाळीचा बेत रद्द केला आहे. कारखान्यात मे महिन्यात सुटी घेणे अवघड आहे, पण भागीदाराशी बोलून मार्ग काढला. आता हनोई, निन्ह बिन्ह, डोंग होई, ह्वे, दा नांग, न्या ट्रांग, थाप चाम आणि सायगॉन असा क्रम ठरतो आहे. दा नांग ते न्या ट्रांग विमानाने न जाता दिवसाच्या गाडीनेच जावे, यावर मात्र पत्नी ठाम आहे. तिचे म्हणणे असे की रूळ अखंड जोडायला त्या लोकांनी एवढे कष्ट घेतले असताना आपण मधला तुकडा का सोडावा? आता मे महिन्यातल्या कोणत्या तारखा टाळाव्यात, आणि व्हिसा व पैशांबद्दल काय लक्षात ठेवावे, एवढे सांगावे.

राजारामपुरी आठवी गल्ली

३० एप्रिल हा सायगॉनच्या पाडावाचा आणि देशाच्या एकीकरणाचा दिवस, आणि १ मे कामगार दिन. या जोड सुटीत गाड्या आणि किनाऱ्यावरची हॉटेले भरलेली असतात. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यानंतर निघावे. तेव्हा सायगॉनकडे पाऊस नुकताच सुरू झालेला असतो. तो बहुधा दुपारनंतर आपल्या वळवासारखा येतो आणि थांबतो, त्याने अडून राहावे लागत नाही. मध्य किनाऱ्यावर मात्र दुपारी बारा ते तीन बाहेर फिरू नये. मी सॉनला सकाळी दार उघडताच पोहोचावे, कारण त्या दरीत वारा नसतो. डासांपासून बचावाचे मलम जवळ असावे, तिथे डेंग्यू आहे.

भारतीयांना नव्वद दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एकदाच प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे आणि अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर. अर्ज केवळ तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरच करावा, कारण हुबेहूब तसेच दिसणारी मध्यस्थांची पाने जास्त पैसे घेतात. पासपोर्टवर नाव ज्या क्रमाने छापले आहे त्याच क्रमाने भरावे, आणि प्रवेशाचे विमानतळ म्हणून हनोईच निवडावे. रेल्वेची तिकिटे काढताना पासपोर्ट क्रमांक लागतो. रात्रीचे बर्थ आधी काढावेत, ह्वे–दा नांगचे आसन तिथे पोहोचल्यावरही मिळते.

पैशांत सर्वांत मोठा धोका शून्यांचा आहे. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग येतात, त्यामुळे चहाच्या टपरीवरही हजारांत व्यवहार होतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असून अंधारात एकसारख्या दिसतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि रात्रीच्या टॅक्सीत त्या बाहेर काढूच नयेत. आपल्या गोल पिनांचे चार्जर तिथे चालतात. घड्याळ दीड तास पुढे करावे.